नाबोंगो मुमिया नक्की किती प्रदेशाचा राजा होता?

वाचनवेडा
पश्चिम केनियातल्या वांगा राज्यावर लेख लिहायला घेतला आहे. 'नाबोंगो' ही तिथल्या राजाची उपाधी. काही ठिकाणी मुमियाला 'सगळ्या लुह्यांचा राजा' म्हटलंय (लुह्या म्हणजे पश्चिम केनियातल्या अनेक गटांचं सामाईक नाव) आणि राज्याची हद्द पार केनियातल्या नैवाशापासून युगांडातल्या जिंजापर्यंत नेलीय. लुह्यांपैकीच एक गट असलेल्या बुकुसूंकडून ऐकावं तर तो इंग्रजांचा साथीदार. खरं काय धरायचं? शिवाय १९०० च्या आधीचे सरकारी कागद केनियाच्या नोंदींत शोधतोय, तर जवळपास काहीच हाती लागत नाही.

जुने दप्तर
आधी कागदांचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. १ एप्रिल १९०२ पर्यंत हा मुलूख केनियात नव्हताच. तो युगांडा संरक्षित प्रदेशाचा पूर्व प्रांत होता. त्यामुळे त्या काळासाठी युगांडाचा पत्रव्यवहार उघडायचा. १९०५ पर्यंत हे सगळं लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे जायचं, त्यानंतर वसाहत खात्याकडे. खातं बदललं की दप्तराची मालिकाही बदलते, हे लक्षात ठेवा.

दुसरी अडचण नावांची. राजधानी एलुरेको. कागदांत ती 'क्वा सुंडू' (मुमियाचे वडील शिउंडू यांच्यावरून), 'मुमियाज' किंवा 'लुरेको' अशी भेटेल. बुकुसूंसाठी 'किटोश' शोधा आणि एकूण लोकांसाठी 'बंटू काविरोंडो'. 'लुह्या' हे सामाईक नाव रुळलं तेच १९३० आणि ४० च्या दशकांत. तेव्हा १८९० च्या कागदात 'लुह्यांचा राजा' लिहिलंय असं कुणी सांगत असेल, तर ते शब्द मागाहून घातलेले आहेत.

शिधा आणि वाटा
हद्दीच्या प्रश्नाला थेट उत्तर: नैवाशा ते जिंजा हा दावा सोडून द्या. सत्ता मोजायची तर तीन गोष्टी तपासाव्या लागतात. नजराणा कोणाकडे जायचा, गावचा मुख्य कोण नेमायचं आणि जमिनीचा तंटा शेवटी कोणापुढे यायचा. वांगात तिन्हींचं उत्तर नाबोंगो. बिबट्याचं कातडं आणि तांब्याचं कडं ही त्याच्या अधिकाराची खूण. मारागोली, तिरिकी, बुकुसू या इतर लुह्या गटांकडे मात्र कुळांचे वडीलधारेच हे सगळं बघत.

१८८२ मध्ये मुमिया गादीवर आला तेव्हा राज्य अडचणीत होतं. दक्षिणेकडून उगेन्याचे लुओ लोक दाबत होते आणि घरातच वांगा मुकुलू या शाखेशी जुनं वैर होतं. त्याच्या हातात एक मोठी गोष्ट होती, ती म्हणजे जागा. किनाऱ्यावरून निघालेला काफिला मसाई मुलूख आणि पठार ओलांडून यायचा, तेव्हा धान्य विकत मिळण्याचं भरवशाचं ठिकाण हेच. हमालाचा रोजचा शिधा एक किबाबा, म्हणजे पाऊण किलोच्या आत-बाहेर धान्य. तीनशे हमाल धरले तर दिवसाला दोनशे किलोंच्या वर, आणि पुढच्या आठ दिवसांची बेगमी म्हणजे पावणेदोन टन. ते देऊ शकणाऱ्या माणसाशी कुणी भांडण काढत नाही. स्वाहिली व्यापारी हस्तिदंतासाठी येत, बंदुकाही त्यांच्याचमुळे आल्या. १८८३ मध्ये जोसेफ थॉमसन, १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन, १८८९ मध्ये इंग्रज कंपनीचा जॅक्सन, सगळे इथेच थांबले. १८९० मध्ये जर्मन कार्ल पीटर्स आला तेव्हा जॅक्सन एल्गॉन पर्वताकडे गेलेला. पीटर्सने जॅक्सनच्या नावावर आलेली पत्रं इथेच फोडली आणि युगांडातल्या बुगांडा राज्याची खबर घेऊन तो पुढे निघाला. त्याच जुलैत हेलिगोलँड करार झाला आणि जर्मनीने युगांडावरचा दावा सोडला, म्हणून पुढची बोलणी फक्त इंग्रजांशी राहिली.

१८९५ मध्ये हॉबली इथे इंग्रज अधिकारी म्हणून आला. त्याच वर्षी बुकुसूंवर मोहीम निघाली: सुदानी शिपाई, सोबत वांगा, गांडा (बुगांडाचे लोक) आणि मसाई. लुंबोका आणि चेतांबे ही मातीची तटबंदी आणि खंदक असलेली गावं पाडली गेली. मुमियाच्या बाजूने बघितलं तर शत्रूचा बंदोबस्त झाला. बुकुसूंच्या मनातून मात्र तो कायमचा उतरला. सप्टेंबर १९४७ मध्ये बुकुसूंचा पुढारी एलिजा मासिंदे हजारोंना घेऊन चेतांबेला गेला तो त्याच मृतांसाठी, बावन्न वर्षांनी.

वाचनवेडा
म्हणजे 'सगळ्यांचा राजा' ही उपाधी इंग्रजांनी जोडली?

जुने दप्तर
हो, आणि ती टप्प्याटप्प्याने जोडली गेली. इंग्रजांकडे माणसं कमी आणि झोपडीकर तर वसूल करायचा. कराचा हिशेब रुपयांत, कारण १९२० पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. मग वांगाची माणसं इतर कुळांवर मुख्य म्हणून बसवली. मुमियाचा सावत्र भाऊ मुरुंगा बुकुसूंवर, दुसरा सावत्र भाऊ मुलामा मारामा या गटावर. १९०९ मध्ये मुमियाला 'पॅरामाउंट चीफ', म्हणजे सगळ्या मुख्यांवरचा मुख्य, केलं. त्याच्या वाडवडिलांनी जिथे कधी नजराणा घेतला नव्हता, तिथे आता त्याचे भाऊ कर आणि बिनमजुरीची कामं घेऊ लागले. राग येणारच.

मात्र दुसरीकडे पायाखालची जमीन सरकत होती. रेल्वेची आधीची आखणी पोर्ट व्हिक्टोरियाकडे होती. ती बदलली आणि डिसेंबर १९०१ मध्ये रूळ किसुमूला पोचले. काफिल्यांचं गाव आडवाटेला पडलं. १९२० मध्ये सरकारी कचेरी इथून काकामेगाला हलली, १९२६ मध्ये मुमिया निवृत्त झाला. तो वारला तो १९४९ मध्ये.

शिधा आणि वाटा
त्याला नुसतं बाहुलं ठरवू नका, एवढी विनंती. गादी, उगेन्याची सरहद्द, घरातले दावेदार, तिन्ही त्याने या दोस्तीवर सांभाळले. किंमत शेजाऱ्यांनी मोजली, हेही तितकंच खरं.

लेखात १९३० चं दशक मात्र जरूर घ्या. १९३१ मध्ये काकामेगाला सोनं सापडलं आणि डिसेंबर १९३२ मध्ये स्थानिकांसाठी राखीव जमिनींचा कायदा बदलून खाणींसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची अट काढून टाकली. तेव्हा नॉर्थ काविरोंडो सेंट्रल असोसिएशन या स्थानिक राजकीय संघटनेने एकच पॅरामाउंट चीफ मागितला, आणि नाव पुढे केलं मुलामाचं, म्हणजे वांगाच्याच माणसाचं. बुगांडाच्या राजाकडे १९०० चा करार होता. आपल्यालाही सरकारशी जमिनीवर बोलायला एक डोकं हवं, हा त्यांचा हिशेब. नैवाशा ते जिंजा असल्या मोठ्या हद्दीच्या गोष्टी वाचताना त्या कोणत्या साली लिहिल्या गेल्या ते आधी बघा. या मागणीच्या नंतरच्या असतील, तर त्यांतला अर्धा भाग १९३० च्या दशकाबद्दल सांगतोय.