अनुभव धागा: मागच्या चाकातली खडखड कशी पकडायची?

होटगीरोडकर
आज सोलापुरात सात रस्ता चौकात एक जुनी गाडी मागून खडखडत पुढे गेली आणि या दुखण्याच्या सगळ्या तऱ्हा आठवल्या. म्हणून धागा काढतोय. ज्याला जे ठाऊक, ते टाका.

माझ्याकडून एवढंच, पार्ट बदलायच्या आधी आवाज कधी येतो आणि कधी थांबतो ते धरा. मोकळ्या जागी काचा खाली करून १०-१५ च्या स्पीडला, भिंतीच्या कडेनं गाडी न्या. भिंतीवरून आवाज स्वच्छ परत येतो. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली तर ब्रेकमध्येच काहीतरी मोकळं आहे. मग पाय काढून, बटण दाबून धरूनच हँडब्रेक एक-दोन दात (एरवी ओढताना होते ती एकेक टक) ओढा. आता थांबली तर पुढच्या चाकांवरचा संशय गेला, दोष मागे. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना येत असेल तर सायलेन्सरचा पत्रा किंवा तो टांगणाऱ्या हँगरचं रबर बघा, चाकाच्या मागे लागू नका.

हुरडापार्टी
आधी व्हील कप (चाकावरची प्लास्टिकची टोपी) काढून एक चक्कर मारा हो! फुकटची टेस्ट. आतली तारेची रिंग सैल झाली की प्लास्टिक रिमवर टकटक करतं.
आणि डिकी रिकामी करा. स्टेपनीचा बोल्ट, जॅक, टॉमी (जॅक-पान्याचा दांडा), मागच्या सीटचं लॉक, यातलं काहीही वाजू शकतं.

काळीमाती
+१ डिकीला. आणखी एक, हुरड्याला शेतात गाडी घालणाऱ्यांनी रिमची आतली बाजू बघा. मंगळवेढ्याकडची माती ज्वारीला सोनं, रिमला वैरी. आत थापून वाळली की बॅलन्स जातो, हायवेला ८० च्या पुढे गाडी थरथरते. ढेकूळ सुटलं की खडखड वेगळीच. पाणी मारून, ब्रशनं घासून काढा, मगच बॅलन्सिंगला पैसे घाला.

टॉमीपाना
ड्रम (मागच्या ब्रेकवरचं चाकाबरोबर फिरणारं लोखंडी झाकण) उघडल्याशिवाय पुढचं कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सपाट जागा. पुढच्या दोन्ही चाकांना दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक खाली. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका.

बऱ्याच ड्रमवर ८ मिमी बोल्टची दोन भोकं असतात. दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर येतो. काही छोट्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं, तिथं मधला मोठा नट खोलावा लागतो. तो नट परत वापरू नका, नवा घाला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळा.

आत काय बघायचं? शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी कमान) धरून ठेवणारी पिन आणि तिची छोटी स्प्रिंग. हीच गंजून तुटते, शू मागच्या प्लेटवर आपटतो आणि खडखड सुरू. प्लासनं स्प्रिंगची टोपी दाबून पाव फेरा फिरवली की पिन सुटते. शू मागे ओढणारी रिटर्न स्प्रिंग ताणून लांबली असेल तर बदला. लायनर (शूवरचा घासणारा थर) शूपासून उचललंय का, नखानं कडा तपासा. लायनरचा तुकडा सुटून ड्रममध्ये अडकला तर चाक जागेवर जाम होऊ शकतं, म्हणून आवाज आपोआप बंद झाला तरी ड्रम उघडाच. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचला, खाली ओलं दिसलं तर सिलिंडर गेला.

एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी नमुन्याला राहू द्या. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे (शू ड्रमच्या जवळ ठेवणाऱ्या स्क्रूचे) आटे उलटे असतात, अदलाबदल झाली की शू सेट होत नाही. ड्रम कितीपर्यंत झिजलेला चालतो तो आकडा ड्रमवरच ओतलेला असतो.

ताई_जुळेसोलापूर
टॉमीपाना दादा, धूळ कशी काढायची? गॅरेजवाले सरळ हवा मारतात.

टॉमीपाना
हवा नको ताई, ती धूळ छातीत जाते. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं. पेट्रोल-डिझेलही नको. शू जिथं प्लेटला घासतो तिथं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ, लायनरला एक थेंबही नाही.

आसराचौक
पावसाळ्यात गाडी धुऊन हँडब्रेक ओढून आठ-आठ दिवस उभी ठेवणारे वाचताय ना? शू ड्रमला चिकटतात. मग जोर लावून गाडी काढली की लायनर उपटतं. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, पुरे.

हुरडापार्टी
मालक, आमच्या गल्लीत सपाट जागा दाखवा आधी 😄 गड्डा जत्रेच्या दिवसांत तर गाडी लावायलाच जागा नाही.

आसराचौक
खरंय 😂 जत्रेला होम मैदानाकडे जायचं तर पायीच बरं.

घूंघूं
खडखड आणि घूं घूं यात गल्लत नको. स्पीडबरोबर वाढणारी घूं घूं म्हणजे बेअरिंग किंवा खाचा पडलेला टायर. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बेअरिंगवर संशय, कारण वजन डावीकडे जातं. चाक उचलून वर-खाली धरून हलवा; खेळ (सैलपणा) जाणवला की बेअरिंग गेलं. खेळ नसेल तर एका हातानं कॉइल स्प्रिंग धरा, दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमध्ये बोटांना लागते.

ताई_जुळेसोलापूर
मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असेल तर?

घूंघूं
मग डिस्कला घासणाऱ्या पॅडच्या क्लिपा, आणि पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना बघा. पिनेला सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं. डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकला तर किर्रर्र असा कर्कश आवाज येतो. पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं जरा वाकवला की खडा पडतो.

काळीमाती
शुक्रवारी तुळजापूरला कोण कोण? घाट उतरताना गिअर खाली घ्या, ब्रेक दाबून बसू नका. हँडब्रेक किती दात हवा रे?

होटगीरोडकर
साधारण ५ ते ८, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघ. आधी शू सेट करायचे, केबल शेवटी. शू झिजलेले असताना केबल ओढून भागवलं तर ॲडजस्टर कामच करत नाही.
आणि चाक काढलं असेल त्यांनी नट समोरासमोरचे आवळा, ५०-१०० किमीनंतर परत तपासा. सैल नटाचा आवाजही अगदी ड्रमसारखाच येतो, त्यामुळं पाना आधी तिथंच लावा.