आमच्या गावात तालमीलासुद्धा जागा नाही, सांस्कृतिक केंद्र मिळवायचं तर सुरुवात कुठून करायची?

सुरंगीचा_गजरा

नमस्कार मंडळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहितेय, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. आमचा १४ जणांचा नाटकाचा ग्रुप आहे, त्यात दोन शिक्षक, मेडिकलमध्ये काम करणारी एक मुलगी, कॉलेजची पोरं आणि एसटीतले एक कंडक्टर काका. सहा वर्षं झाली, हौशी राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरतोच. प्राथमिक फेरी बहुतेक नोव्हेंबरात लागते म्हणजे तालमी गणपती गेले की लगेच सुरू कराव्या लागतात आणि तेव्हा आमच्याकडे पाऊस असतोच.

तालीम एका शाळेच्या वर्गात चालते. बाकं भिंतीला लावायची, खडूने रेघा मारायच्या आणि संपलं की सगळं पुसून बाकं परत जागेवर. वर्ग २० फुटांचा आणि स्टेज धरायचं ३० फुटांचं, म्हणून आमची उजवी विंग व्हरांड्यात असते, तिथून एंट्री घेणारी मुलगी अर्धी भिजलेली येते. वर पत्रा आहे. गेल्या वर्षीच्या नाटकात बापाचं शेवटचं वाक्य अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं होतं, पण पत्र्यावर सर आली की ऐकूच यायचं नाही म्हणून काका दोन महिने ते ओरडून म्हणत राहिले आणि स्पर्धेच्या दिवशी स्टेजवर पण ते तसंच मोठ्याने निघालं. विंगेत उभी होते मी, पोटात कालवाकालव झाली, कारण चूक त्यांची नव्हतीच.

कार्यक्रमाला म्हणून गावात दोन मंगल कार्यालयं आहेत. लग्नसराईत तारीख मिळत नाही, मिळाली तरी मोठं लग्न आलं की आपली तारीख जाते. मागे एका नृत्यवर्गाचा कार्यक्रम तिथे होता, मुली गुळगुळीत फरशीवर नाचत होत्या आणि घुंगरांचा आवाज भिंतींवर आपटून असा घुमत होता की तबला कुठला आणि पाय कुठला कळेना. देवळाचा सभामंडप आहे, नमनवाले (कोकणातलं लोकनाट्य करणारे) तिथेच करतात, पण आमच्यात मोहल्ल्यातली दोन पोरं आहेत, फार चांगलं काम करतात, त्यांना तिथे रोज बोलावणं म्हणजे त्यांनाही अवघड आणि ट्रस्टींनाही.

नाट्यगृह द्या म्हणून निवेदनं दोनदा दिली, फोटो निघाले, पुढे काही नाही. ज्यांच्या गावात हे झालंय किंवा होता होता राहिलंय त्यांनी सांगा, नेमकं काय मागायचं आणि कोणाकडे?

पडद्यामागे

ताई, मी २२ वर्षं लाइट्स करतोय, कोल्हापूर सांगलीकडे जास्त. पहिली गोष्ट म्हणजे "नाट्यगृह द्या" हे मागणंच बदला. हा शब्द ऐकला की समोरच्याला हजार खुर्च्या, एसी आणि समोर कारंजं दिसायला लागतं, मग अंदाजपत्रक कोटींत जातं आणि फाइल तिथेच बसते. आणि समजा बांधलंच तर त्याचं भाडं तुमच्या ग्रुपला परवडणार नाही, वर्षातून चार व्यावसायिक प्रयोग, बाकी सत्कार, मेळावे आणि शाळांची गॅदरिंग, तालमीला तुम्ही परत त्याच वर्गात.

तुम्हाला पाहिजे १५०-२०० माणसं बसतील असा एक हॉल आणि त्याला लागून तालमीची एक खोली जी रोज संध्याकाळी उघडी असेल, एवढंच मागा. मुंबईत पृथ्वी थिएटर साधारण २०० खुर्च्यांचंच आहे, १९७८ पासून चाललंय. दादरचं छबिलदास तर शाळेचा हॉल होता हो, १९७४ पासून पुढे वर्षानुवर्षं मराठी प्रायोगिक नाटक तिथे झालं, कितीतरी नट-लेखक त्या हॉलमधून आले.

पण हॉल कसा पाहिजे हे मात्र तुम्हीच लिहून द्या, नाहीतर ठेकेदार मंगल कार्यालयच बांधून देतो, नाव फक्त सांस्कृतिक भवन. स्टेजला फरशी नको, लाकूड. स्टेजचं तोंड ३० फूट, मागे खोलवर निदान २०-२५ फूट आणि दोन्ही बाजूंना विंगेला खरी जागा, नाहीतर नट भिंतीला पाठ लावून उभा राहतो. थ्री फेजचं कनेक्शन, लाइट टांगायला वर पाइप, भिंतींना टाइल्स अजिबात नको. कोकणात पत्रा टाकणार असाल तर खाली आवाज अडवणारं सीलिंग पाहिजेच, तुमच्या काकांचं वाक्य वाचून मला राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. मखमली पडद्याच्या मागे लागू नका, दोन पावसाळ्यात बुरशी चढते. बायकांसाठी रंगपटाला (मेकअपच्या खोलीला) लागून स्वच्छतागृह, हे नकाशातच असू दे, नंतर कोणी करत नाही. आणि आगीचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी ९ तारखेला संगीत नाटकातले गायक-नट केशवराव यांची जयंती. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू होती ती, आमची कितीतरी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. तेव्हा वायरिंग आणि बाहेर पडायचे दोन दरवाजे यात पैसे वाचवू नका.

झाडीतला_गडी

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे, थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाट्यगृह नाही म्हणून नाटक कधी अडलं नाही. भाऊबीज झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा सुरू होते, दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात, मंडप पडतो, पाहुणे येतात, घरोघरी जागा कमी पडते आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. आमचे झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ते याच मंडपातल्या कामाची. गावाला नाटक आपलं वाटलं की गाव वर्गणी काढते. इमारत आधी आणि माणसं नंतर असं कुठं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

पडद्यामागे

दादा तुमचं पटतंय, झाडीपट्टीला माझा सलाम आहे. पण तुमचा सीझन दिवाळी ते होळी, कोरड्या दिवसांचा. यांच्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावर काही करता येत नाही, आणि नेमकी तयारी तेव्हाच. दुसरं म्हणजे ध्वनिप्रदूषणाचे नियम, २००० सालचे. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं आणि त्यातले बरेच दिवस गणपती नवरात्रातच जातात. बंद सभागृहात आतल्या आत आवाज ठेवला तर मात्र १० चं बंधन येत नाही. दुकानं बंद करून, जेवून माणूस नाटकाला येणार ९ वाजता, तर दोन अंकी नाटक उघड्यावर करायचं कसं?

झाडीतला_गडी

हे बरोबर आहे, पावसाचं माझ्या ध्यानात नाही आलं. आमच्या पोरांनाही बाकी आठ महिने शिकायला जागा कुठं आहे म्हणा, ते दुखणं आमचंही आहेच.

मांडवीकाठ

मी गोव्यातली, माहेर सिंधुदुर्गात. एवढासा आमचा गोवा पण मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को इथे रवींद्र भवनं आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आणि पणजीला कला अकादमी आहेच. मडगावला तियात्राला (कोंकणी नाटकाला) गर्दी बघा कधीतरी, कुटुंबंच्या कुटुंबं येतात. त्याआधी काही नव्हतं असं नाही हं, जत्रेला देवळासमोर गावातल्याच लोकांनी नाटक करायचं हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि दशावतार तर तुम्हाआम्हाला दोघांनाही आहे. पण भवन झालं की फरक पडतो तो रोजच्या दिवसाला. माझी मुलगी आठवड्यातून दोनदा हार्मोनियम शिकायला जाते, क्लास सुटेपर्यंत मी बाहेर थांबते, बाजूला कोणाची तरी भजनाची तयारी चाललेली असते, ती कानावर पडते. तिने एकदा विचारलं की आई हे काका चुकले का आत्ता? चुकले होते. घरी बसून हा कान कसा तयार होणार सांगा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, सांभाळणारा पगारी माणूस पाहिजे. इमारती सगळीकडे होतात, किल्ली कोणाकडे आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

नकाशावाला

आता कोणाकडे मागायचं त्याबद्दल. मी दुसऱ्या एका तालुक्यात यात पोळलोय म्हणून लिहितो.

नगरपरिषदेत जाऊन विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. सांस्कृतिक भवन, टाउन हॉल, नाट्यगृह, कम्युनिटी हॉल, यापैकी कशासाठी जागेचं आरक्षण गावात आहे का बघा, अनेक गावांत असतं आणि लोकांना पत्ताच नसतो. असेल तर मंजुरीचं साल लगेच बघा, कारण एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या (१९६६ चा) कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीच्या मुदतीत पालिका हलली नाही की आरक्षण उडतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. आम्ही निवेदनं देत राहिलो आणि तिकडे नोटिशीची मुदत संपली, आज तिथे गाळे आहेत. माझ्या वडिलांनी त्या जागेवर भाषणं होऊन नारळ फुटलेला बघितला होता, ते गेले आणि मग कळलं की जागाच राहिली नाही.

माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साधे प्रश्न ठेवा: आरक्षण कोणतं, ताबा घेतला का, पालिकेच्या रिकाम्या इमारती कोणत्या. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय पटसंख्या कमी होऊन बंद पडलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कोकणात आहेत, गावाच्या जवळ अशी एखादी असेल तर पंचायत समितीत विचारा. पडद्यामागे म्हणतात तसं छबिलदास शाळाच होती.

आणि ग्रुपची संस्था करा, किमान ७ जण लागतात, १८६० च्या कायद्याने नोंदणी आणि धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून. १४ माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कोणी जागा करारावर देत नाही, संस्थेला देऊ शकतात.

सुरंगीचा_गजरा

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस उत्तर नाही दिलं कारण खरंच पालिकेत गेले होते. नकाशावाला दादा, आरक्षण आहे! बाजारामागच्या जागेवर, "सांस्कृतिक केंद्र" असंच लिहिलंय, आणि आराखडा मंजूर होऊन आठ वर्षं झालीत. आम्हाला कोणालाही माहीत नव्हतं, आमच्यातल्या एका शिक्षकांचं घर तर तिथून दोन मिनिटांवर आहे. माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकला.

बंद शाळेचं पण कळलं, स्टँडपासून दीड किलोमीटरवर आहे, दोन वर्ग आणि मधली भिंत फळ्यांची आहे, काढता येईल. कंडक्टर काका फूटपट्टी नव्हती म्हणून पावलांनी मोजून आले, ३४ फूट भरतंय. मुलींना शेवटची गाडी पकडायची असते म्हणून दीड किलोमीटर जास्त वाटतंय, पण काका म्हणाले तालीम संपली की चालत सोडायला मी येतो.

मांडवीकाठ ताई, तुमच्या मुलीचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. पडद्यामागे दादा, हॉलची ती माहिती एका कागदावर नीट लिहून द्याल का, मापांसकट? येत्या सोमवारी मुख्याधिकाऱ्यांची वेळ मिळाली आहे, यावेळी निवेदनासोबत नकाशा आणि तो कागद दोन्ही जोडते.

पडद्यामागे

उद्या रात्री पाठवतो. विंगेची मापं मात्र खाली रेघ मारून लिहितो, तिथे तडजोड करू नका.