पहिले बाळंतपण : औषधांशिवाय कळा सुसह्य कशा कराव्यात? मदत हवी आहे

जुईली
नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण असून कळा सुरू झाल्यावर औषधांशिवाय वेदना कमी करण्याचे उपाय मला हवे आहेत. 'दीर्घ श्वास घ्या, मन शांत ठेवा' हे इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकूनच चिडचिड होते. कळ आल्यावर नेमके काय करायचे, ते कृपया अनुभव असलेल्यांनीच लिहावे. दिवस फार उरलेले नाहीत.

सदाफुली
कितवा आठवडा? दुखते पोटात की कंबरेत? प्रसूतिकक्षात सोबत कोण असेल? माझ्यापुरते विचाराल तर मी तपासणीखेरीज बिछान्याला पाठ लावलीच नाही. उभे राहिल्याने आणि चालत राहिल्याने प्रसूतीचा पहिला टप्पा, म्हणजे गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, तासाभराहून अधिक कमी होऊ शकतो, असे अभ्यासांतही आढळले आहे.

मधलीवाट
मी एपिड्युरल, म्हणजे वेदना कमी करणारे पाठीच्या कण्यातले इंजेक्शन, घेतले आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. वेदना सोसल्याबद्दल कोणी पदक देत नाही.

जुईली
एपिड्युरलबद्दल मी विचारलेले नाही. अडतिसावा आठवडा चालू आहे, नवऱ्याला आत येण्याची परवानगी आहे आणि सरावकळा येतात तेव्हा पोटापेक्षा कंबरच अधिक दुखते.

यंत्रतंत्र
मग टेन्स यंत्र घ्या. कंबरेवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विद्युत्प्रवाह सोडला की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला द्वार-नियंत्रण सिद्धान्त हाच आहे.

शेवंती
सिद्धान्त बरोबर आहे, परंतु कळा जोरात आल्यावर या यंत्राचा फारसा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. कंबरेच्या कळांवर मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो हाताचा दाब. कळ चढू लागताच सोबत्याने तळहाताची टाच माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवून स्थिर दाब द्यावा, कळ ओसरेपर्यंत हात हलवू नये आणि 'अजून जोरात' किंवा 'पुरे' हे तुम्हीच सांगावे. दोन कळांच्या मध्ये तिथे गरम शेक द्यावा. शेक सोसवेल इतकाच असावा. मालिश आणि शेक हे दोन्ही उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही आहेत.

यंत्रतंत्र
मला यंत्राने आराम मिळाला, त्याचे काय?

शेवंती
मिळाला असेल, आणि सुरुवातीच्या हलक्या कळांमध्ये कोणी वापरले तर माझी हरकतही नाही. फक्त पाण्यात असताना ते लावू नये. श्वासाबद्दलही एक सांगते, जुईलीताई रागावल्या तरी चालेल. जलद धापा टाकू नका, त्याने ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. श्वास सोडताना तो लांबवा आणि खांदे सैल पडू द्या, एवढे पुरे.

जुईली
रागावले नाही. एक लिहायचे राहिले : मंगळवारी कळा आणण्यासाठी दाखल व्हायचे आहे. त्याने काही फरक पडतो का?

सदाफुली
अहो, हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! मी तुम्हाला खुशाल चालायला सांगून मोकळी झाले.

शेवंती
फरक पडतो. ऑक्सिटोसिनचे, म्हणजे कळा आणणाऱ्या औषधाचे, सलाइन लावले तर कळा लवकर जोर धरू शकतात आणि बाळाचे ठोके सतत पाहावे लागतात, त्यामुळे पोटाला पट्टे बांधलेले असतात आणि फार दूर जाता येत नाही. तरीही पलंगाशेजारी उभे राहता येते, मोठ्या चेंडूवर बसून पुढे झुकता येते. बिनतारी पट्टे आहेत का आणि चेंडू चालेल का, हे मंगळवारची वाट न पाहता आजच विचारून ठेवा.

जुईली
विचारते. काल रात्री नवऱ्याने दाब देऊन पाहिला. तो कंबरेवर, म्हणजे चांगला चार बोटे वर दाबत होता. हात खाली सरकवल्यावर मला पहिल्यांदाच बरे वाटले. त्याचा प्रश्न असा, की हे किती वेळ करावे लागते? पाच मिनिटांतच त्याचे मनगट भरून आले.

शेवंती
गर्भाशयाचे मुख पाच सेंटीमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. मनगटाने दाबू नका म्हणावे. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाकावा, आणि हात दुखू लागला की टेनिसचा चेंडू घ्यावा.