स्पॅनिश: इम्परफेक्ट सबजंक्टिव्हमध्ये नियमित क्रियापद कसं चालवायचं?

प्रश्न:
इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, कल्पना, जर-तर अशा ठिकाणी येणारं भूतकाळी रूप, शिकतोय. 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्याचं 'आब्लारा' होतं. मूळ रूपाला 'आ' जोडला की झालं, असं धरून 'कोमेर'चं (खाणे) 'कोमेरा' केलं, तर ते चूक निघालं. 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्या क्रियापदांना वेगळा नियम आहे का? आणि जर-तरच्या वाक्यात हे रूप कुठे बसतं?

उत्तर १:
नियम एकच. 'आब्लारा' बरोबर आलं तो निव्वळ योगायोग, मूळ रूपापासून सुरुवात करूच नका. साध्या भूतकाळातलं, म्हणजे इंदेफिनिदोमधलं, 'ते'चं रूप घ्या: आब्लारोन, कोमिएरोन, बिबिएरोन ('बिबिर', जगणे). शेवटचा 'रोन' काढा. उरलेल्या 'कोमिए'ला प्रत्यय लावा: यो (मी) रा, तू रास, एल (तो) रा, नोसोत्रोस (आम्ही) रामोस, बोसोत्रोस (तुम्ही) राइस, एयोस (ते) रान. झालं कोमिएरा, कोमिएरास वगैरे. 'कोमिएरामोस' लिहिताना 'मिए'मधल्या 'ए'वर तिरकी रेघ हवीच, 'आब्लारामोस'मध्ये ती 'ब्ला'वर येते. या रीतीला अपवाद नाही. तेनेर (जवळ असणे), तुबिएरोन, तुबिएरा. देसिर (सांगणे), दिखेरोन, दिखेरा. म्हणून आधी इंदेफिनिदो घोटून घ्या. इथल्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

उत्तर २:
उच्चाराकडे लक्ष द्या. 'आब्लारा'त जोर 'ब्ला'वर असेल तर सबजंक्टिव्ह. जोर शेवटच्या 'रा'वर गेला, आणि लिहिताना तिथे रेघ आली, की तो भविष्यकाळ होतो: 'तो बोलेल'. आब्लारास, आब्लारान यांचंही तेच. मराठीत जोर सरकल्याने क्रियापदाचा काळ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हा फरक सहज निसटतो. जोडी करून मोठ्याने म्हणा.

उत्तर ३:
जर-तरमध्ये मराठीच आपल्याला चकवते. 'पैसे असते तर फिरलो असतो' यात दोन्हीकडे 'असतो'चंच रूप. स्पॅनिशमध्ये दोन भागांची रूपं वेगळी: 'सी तुबिएरा दिनेरो, बियाखारिया'. 'सी'च्या भागात सबजंक्टिव्ह, 'तर'च्या भागात कंडिशनल, म्हणजे 'अट पुरी झाली तर काय झालं असतं' ते सांगणारं रूप. 'सी'नंतर 'तेनेर'चं कंडिशनल घेऊन 'सी तेंद्रिया' लिहिलंत की चुकलात.

दुसरी अडचण याहून चिवट आहे. 'तू बोलावंस असं त्याला वाटतं' आणि 'वाटत होतं', दोन्हीत 'बोलावंस' जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये हलतं: 'किएरे के आब्लेस', पण 'केरिया के आब्लारास'. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की 'के'नंतरचंही बदला. 'कोमो सी' (जणू काही) मात्र वेगळं: 'आब्ला कोमो सी कोनोसिएरा आ तोदोस', तो सगळ्यांना ओळखत असल्यासारखा बोलतो. मुख्य क्रियापद वर्तमानात, तरी हेच रूप.

प्रश्नकर्ता:
'कोमिए' घेऊन सगळी सहा रूपं जमली. पुस्तकात 'आब्लासे'ही दिसतं, ते काय?

उत्तर १:
तीच रीत, 'रा'च्या जागी 'से': आब्लासे, आब्लासेस, आब्लासे, आब्लासेमोस, आब्लासेइस, आब्लासेन. अर्थ तोच. वाचताना ओळखू आलं तरी पुरे, बोलताना 'रा'च वापरा, लॅटिन अमेरिकेत तर तेच जास्त ऐकू येतं. नम्रपणे काही मागायचं असेल तेव्हा 'से' चालतच नाही, तिथे 'किसिएरा उन काफे' (एक कॉफी हवी होती) असंच म्हणतात.