चामलिजा सिनानची वारस? कुठल्या अंगाने?

जांभाचिरा: इस्तंबूलचे फोटो टाकून काल 'मुसाफिर' यांनी लिहिलं की तिथली चामलिजा मशीद ही सोळाव्या शतकातला उस्मानी वास्तुविशारद सिनान याची खरी वारस. राहवेना म्हणून लिहितोय. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद १५५७ मध्ये पुरी करून सिनान तिचीच नक्कल गिरवत बसला नाही. एदिर्ने शहरातल्या सेलिमिये मशिदीत त्याने घुमट आठ खांबांवर तोलला. आणि २०१९ ची चामलिजा? घुमटाचा व्यास ३४ मीटर, कारण इस्तंबूलच्या गाड्यांचा नंबर ३४. चार मिनार १०७.१ मीटरचे, कारण तुर्कांनी जिंकलेली मंझिकर्टची लढाई १०७१ ची. ही वास्तुकला की अंकशास्त्र?

मुसाफिर: आत पाऊल टाकलं आणि बोलायचंच विसरलो. तिथल्या भाविकांना घुमट हवा असेल तर तुमच्या पोटात का दुखतं?

जांभाचिरा: भाविकांचं नाव पुढे करू नका. अंकाऱ्याच्या कोजातेपे मशिदीच्या आराखड्याची १९५७ ची स्पर्धा वास्तुविशारद वेदात दालोकायने जिंकली. 'फार आधुनिक' म्हणून घातलेला पाया उखडला आणि त्याच जागी १९८७ ला उस्मानी नक्कल उभी राहिली. दालोकायने मग इस्लामाबादची फैसल मशीद केली. तिला घुमटच नाही, आणि ती आज तिथल्या पाच हजारांच्या नोटेवर आहे.

खाडीकाठ: तुर्कस्तान राहू द्या हो. आमच्या गावची मशीद कौलारू होती, गोव्यातल्या फोंड्याच्या १५६० च्या साफा मशिदीसारखं उतरतं छप्पर. आखातातून पैसा आला, स्लॅब पडला, वर हिरवा घुमट. दादा जाईपर्यंत म्हणायचे, 'ही कुणाची मशीद?' आता पावसात सफ (नमाजाची रांग) सोडून बादल्या मांडतो.

घंटानाद: आमच्या ग्रामदेवीचंही तेच! सागवानी खांब गेले, ग्रॅनाइट आला. मुंबईकर मंडळाची कृपा.

परळकर: मुंबईकरांना शिव्या देणं सोपं आहे. शाकारणीला, म्हणजे कौलं चाळायला, दर वर्षी माणसं कोण आणणार? वाशाला वाळवी लागली तेव्हा गावातले किती जण आले? माझे वडील एकटे शिडीवर होते, पडले, कंबर कायमची गेली. तुमचा वारसा तुम्हीच शाकारा.

घंटानाद: म्हणून खांब विकायचे?

परळकर: विकले गावकऱ्यांनी. तोंड उघडायला लावू नका.

जांभाचिरा: शाकारणीचा मुद्दा खरा आहे, नाइलाजाने मान्य. विषय चामलिजाचा होता.

मुसाफिर: 'वारस' मागे घेतो, सेलिमिये पाहिलेली नाही. फोटो मात्र राहतील, पंडितजी.

खाडीकाठ: गळती थांबेना म्हणून यंदा स्लॅबवर पत्रे घातलेत. उतरते. घुमट आत झाकला गेलाय.