तातडीने मदत हवी : नऊ की दहा?

चिपळी (बुधवार, रात्री ९.४०)
शनिवारी आहे आणि आज बुधवार संपत आला. पूर्वरंग बसलाय, पुढे अडलंय. कुठे नऊ लिहिलंय, कुठे दहा. एका ठिकाणी तर एकाच परिच्छेदात दोन्ही! नक्की किती? आणि तेरा दिवस की चौदा? दुसरं म्हणजे बालपणाचं कुठेच काही नाही. जन्मले, की पुढच्या ओळीत थेट विमानात. मधला मुलगा गेला कुठे? पहिल्या रांगेत दोन निवृत्त हवाईदलवाले बसतात, चुकलं की तिथल्या तिथे बोलतात. कृपया "गूगल करा" म्हणू नका. केलंय.

पेठकरी
नऊ की दहा काय? आंबे? कोणाबद्दल चाललंय ते तरी सांगा.

निवृत्त_नाना
निर्मलजितसिंग सेखों असणार. लुधियानाजवळचा मुलगा, फ्लाइंग ऑफिसर, नॅट विमान. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उडाला. शत्रूची सहा सेबर विमानं होती. परमवीरचक्र मिळालेला हवाईदलातला एकमेव माणूस. नॅटबद्दल लिहायचं तर एक धागा पुरणार नाही. आम्ही त्या विमानाला...

पेठकरी
नाना, थांबा. तेरा दिवस म्हणतायत त्या. आणि सेखोंनी कुठे नऊ-दहा विमानं पाडली?

भटकभवानी
जेआरडी टाटा? १९२९ चं पहिलं लायसन्स.

चिपळी
अहो, इंद्रलाल रॉय! पहिलं महायुद्ध! तेरा दिवसांत इतकी विमानं पाडणारा दुसरा भारतीय कोण आहे? जेआरडींनी कोणाचं विमान पाडलं?

पेठकरी
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर नानांचा नॅट वाचला असता. आता हेही सांगा: "पूर्वरंग" म्हणजे कीर्तन का? की नाटकाचं काही?

चिपळी
कीर्तनच. राष्ट्रीय कीर्तन, उत्तररंगात आख्यान. पाऊण तास. साथीला पेटी आणि तबला. विषय आयोजकांनी दिलाय, माझा नाही.

प्रोजेक्टर_पाटील
ताई, आजकाल कीर्तनात पीपीटी लावतात. मागे पडदा, विमानांचे फोटो, मध्ये दोन व्हिडिओ. मी लावून देतो, पुण्यात असाल तर. लोक खिळून बसतात.

चिपळी
पडदा लावला तर लोक पडद्याकडे बघतील, माझ्याकडे कोण बघणार? नको.

स्क्रूड्रायव्हर
मी त्या काळातल्या विमानांची मॉडेल्स बनवतो, म्हणून हे तोंडपाठ आहे. नऊ आणि दहा दोन्ही बरोबर आहेत, हिशेब वेगवेगळे आहेत. त्याला मरणोत्तर डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, २१ सप्टेंबर १९१८ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारी राजपत्रात. त्या मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमानं असं छापलंय. आज मानला जाणारा आकडा दहा. तारखा अशा: ६ जुलैला एक, ८ जुलैला चार तासांत तीन, १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक, १९ ला एक. बेरीज दहा. त्यातली पाच नष्ट, पाच "ताबा सुटून खाली गेलेली". दोन विमानांचं श्रेय इतरांबरोबर वाटून.

पेठकरी
६ ते १९ बोटांवर मोजले तर चौदा दिवस होतात.

स्क्रूड्रायव्हर
मग चौदा बोटं मोजा. मानपत्रात तेरा आहे, मी काय करू?

चिपळी
माझं अर्धं काम झालं. पण "तेरा दिवस" कीर्तनात म्हटलं की समोरच्या आजी तेराव्याचाच विचार करणार. दोन आठवडे म्हणेन. आता लहानपण?

शांतिनिकेतनी
आमचे आजोबा कलकत्त्यात होते. भवानीपूरमध्ये इंद्र रॉय रोड आहे, तो ह्याच्याच नावाचा. जन्म २ डिसेंबर १८९८, कलकत्ता. वडील बॅरिस्टर. आई ललिता रॉय. ह्या बाईंवर खरं तर वेगळं आख्यान होईल. त्या मुलांना घेऊन लंडनला राहिल्या आणि १७ जून १९११ ला बायकांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोठ्या मिरवणुकीत भारतीय स्त्रियांच्या तुकडीत चालल्या. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. तुमचा "मधला मुलगा" तिथे शोधा. घरात लाडकं नाव "लॅडी". थोरला भाऊ परेशलाल पुढे भारतात बॉक्सिंगचा जनक म्हणून ओळखला गेला.

भटकभवानी
"लॅडी" म्हणजे बाई ना?

शांतिनिकेतनी
नाही हो. पोरगा. आपण "बाळ्या" म्हणतो तसं.

चिपळी
आई मिरवणुकीत! हे मला कुठेच दिसलं नव्हतं. धन्यवाद. शाळा?

शांतिनिकेतनी
लंडनमधली सेंट पॉल्स.

अर्धाचष्मा
माझा मुलगा बारावीत आहे, डाव्या डोळ्याचा नंबर उणे दीड. फ्लाइंग ब्रँचला घेतात का? लेझर करून चालतं का? जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपुडा
हा धागा त्याचा नाही, पण गंमत बघा, इंद्रलालचीही अडचण डोळ्यांचीच होती! रॉयल फ्लाइंग कोअरने दृष्टी कमी म्हणून नाकारला. पोराने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशांत बड्या नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेतलं आणि तो निर्णय फिरवला. ५ जुलै १९१७ ला सेकंड लेफ्टनंट. वय अठरा.

अर्धाचष्मा
म्हणजे पुन्हा तपासून घेतलं तर चालतं?

सातपुडा
१९१७ ला चाललं. आत्ताचं मला विचारू नका.

ओवीकार
ताई, ह्यावर मी लगेच साकी रचली. अशी म्हणा:
विकुन फटफटी डोळे दावी मोठ्या वैद्यापाशी,
दृष्टी निर्मळ म्हणता वैद्ये धाव घेइ आकाशी.

पेठकरी
मात्रा मोजल्या, सोळा-बारा बरोबर बसतात. पण लंडनच्या नेत्रतज्ज्ञाला "वैद्य"? काढा दिला की काय त्याने?

ओवीकार
"ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट" साकीत बसवून दाखवा. मग बोलू.

चिपळी
फटफटी ठेवतेय. उत्तम जागा आहे, इथे तबला टाळी घेईल. वैद्याचं बघते.

सह्याद्रीचा_वारा
एक प्रश्न. राष्ट्रीय कीर्तनात साम्राज्यासाठी लढलेला माणूस का? ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्यासाठी हा जर्मनांना मारत होता. जर्मनांनी आपलं काय बिघडवलं होतं? राष्ट्रीय कीर्तन हा प्रकारच मुळात लोकांना जागं करायला निघाला.

इतिहासप्रेमी_सोलापूर
हा प्रश्न आज विचारणं सोपं आहे. १९१८ च्या त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करत होते. युद्धात साथ दिली की स्वराज्याकडे एक पाऊल पडेल, असा पुष्कळांचा हिशेब होता. आणि अधिकारीपदाचा मुद्दा विसरू नका. भारतीयांना लष्करात किंग्ज कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचं अधिकारीपद, मिळत नव्हतं, ते १९१७ च्या ऑगस्टनंतर सुरू झालं. हा मुलगा जुलैत अधिकारी झाला. त्याच्या कॉकपिटमध्ये बसण्यालाच काही अर्थ आहे की नाही?

सह्याद्रीचा_वारा
अर्थ आहे. पण त्यातून साम्राज्य टिकलं, हाही अर्थ आहे.

इतिहासप्रेमी_सोलापूर
मग कीर्तनात दोन्ही सांगावं.

चिपळी
मी शनिवारी दोन्ही सांगणार नाहीये. पाऊण तास आहे माझ्याकडे. धाग्याचं रणांगण करू नका, वेगळा काढा.

रंगीत_पतंग
पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या तोंडावर एरंडेल तेल उडायचं! इंजिनात तेच वापरायचे. ते श्वासात जायचं आणि उतरल्यावर सगळ्यांची पळापळ. हे कीर्तनात घ्या, हशा हमखास.

स्क्रूड्रायव्हर
घेऊ नका. एरंडेल फिरत्या, म्हणजे रोटरी इंजिनांत असायचं, सॉपविथ कॅमलसारख्या. रॉयचं विमान एस.ई.५ए. त्याचं इंजिन व्ही-८, पाण्याने थंड होणारं, जागच्या जागी बसवलेलं. एरंडेलाचा संबंध नाही. पहिल्या रांगेतले ते दोघे इथेच पकडतील.
एस.ई.५ए मध्ये दोन मशीनगन: एक नाकावर, पंख्याच्या पात्यांमधून मारणारी, दुसरी वरच्या पंखावर. वरच्या लुईस गनचा ड्रम ९७ गोळ्यांचा. तो संपला की रुळावरून बंदूक खाली ओढायची, ड्रम बदलायचा, पुन्हा वर ढकलायची, आणि हे सगळं एका हाताने विमान चालवत. पॅराशूट नाही. उघडा कॉकपिट.

चिपळी
ड्रम बदलण्याचं मला अभिनयाने दाखवता येईल! चिपळ्याच वापरेन बंदुकीच्या जागी.

रंगीत_पतंग
एरंडेल गेलं, चिपळ्या आल्या. असो.

निवृत्त_नाना
आमच्या काळी नॅटवर...

पेठकरी
नाना, १९७१ चा वेगळा धागा काढा ना. मी वाचेन, खरंच.

मध्यरात्रीचा_कंदील
मूळ गोष्ट राहिली. डिसेंबर १९१७ मध्ये ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये असताना त्याचं विमान कोसळलं. तो मेला समजून शवागारात ठेवला, आत शुद्धीवर आला आणि दार बडवू लागला, असं सांगतात. कीर्तनाला ह्याहून मोठी जागा नाही. दिवे मंद करा, पेटी थांबवा, आणि दारावर टकटक...

सातपुडा
अपघात खरा आहे, ६ डिसेंबर १९१७. शवागाराची गोष्ट सगळेच सांगतात, पण मुळाशी कागद कुठे आहे ते कोणीच सांगत नाही. "असं सांगतात" हे शब्द घालूनच म्हणा.

मध्यरात्रीचा_कंदील
कीर्तनात सनावळी मागत नाहीत. ध्रुवाची गोष्ट सांगताना पुरावा देता का?

सातपुडा
ध्रुवाला लंडन गॅझेट नव्हतं.

चिपळी
भांडू नका. टकटक घेते, "असं म्हणतात" सकट. आजींना चालेल, हवाईदलालाही चालेल. पण डिसेंबर ते जुलै काय केलं त्याने? इथेच माझं आख्यान तुटतं. पडला, आणि एकदम दहा विमानं?

सातपुडा
तेच तर खरं आख्यान. अपघातानंतर बरा होत असताना त्याने विमानांची खूप चित्रं काढली, त्यातली बरीच आजही आहेत. वैद्यकीय मंडळाने उड्डाणाला नालायक ठरवून जमिनीवरचं काम दिलं. तो मागेच लागला, पुन्हा प्रशिक्षण घेतलं आणि जून १९१८ ला ४० व्या स्क्वाड्रनमध्ये परत फ्रान्सला. तोपर्यंत १ एप्रिलला रॉयल फ्लाइंग कोअर संपून रॉयल एअर फोर्स झालं होतं, तेव्हा "आरएफसीत शहीद" असं म्हणू नका. तिथे त्याच्या तुकडीचा म्होरक्या जॉर्ज मॅकेलरॉय, आयरिश, नेमबाजीत कसलेला. त्याच्या हाताखाली त्याला सूर सापडला. २२ जुलैला कार्व्हँवर फोकर विमानांशी झुंजताना पडला. वय एकोणीस. मॅकेलरॉयही त्याच महिन्याच्या ३१ तारखेला गेला. रॉयचं एकूण उड्डाण जेमतेम १७० तासांच्या वर.

पेठकरी
१७० तास! मुलगा दहावीच्या क्लासला ह्याहून जास्त तास बसतो.

चिपळी
हे वाचून गप्पच बसले थोडा वेळ. म्हणजे दोनदा नाकारलं, आधी डोळ्यांसाठी आणि मग अपघातानंतर, आणि दोन्ही वेळा मागे लागून परत गेला. हाच धागा धरते. आकडे मागे ठेवते.

कोकणकन्या_७७
ताई, मराठी श्रोते आहेत तर मुंबईचे वेलिंगकर विसरू नका. श्रीकृष्ण वेलिंगकर. २३ वी स्क्वाड्रन, डॉल्फिन विमान. २७ जून १९१८ ला गस्तीवर गेले ते परतले नाहीत, ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात वारले. रॉयच्या पहिल्या विजयाच्या आठवडाभर आधी. तेव्हा ह्या दलात अधिकारी वैमानिक म्हणून चौघांचीच नावं घेतात: रॉय, वेलिंगकर, एरॉल सेन आणि सरदार हरदितसिंग मलिक. सेन कैदी झाले. मलिक पायात गोळ्या घेऊन वाचले, पुढे फ्रान्समध्येच भारताचे राजदूत झाले. पगडीवर बसेल असं खास हेल्मेट घालून उडायचे.

रंगीत_पतंग
मलिक कॅमल उडवायचे ना? मग एरंडेल तिथे घ्या!

स्क्रूड्रायव्हर
हो, तिथे चालेल.

पेठकरी
वेलिंगकर की वेलणकर? इंग्रजीत आर.एफ.सी.ने "वेलिनकर" असं काहीतरी लिहिलंय.

कोकणकन्या_७७
वेलिंगकर. वेलिंग गाव गोव्यात आहे.

सह्याद्रीचा_वारा
वेलणकर वेगळे, वेळणेश्वरकडचे. कोकणस्थ.

पेठकरी
झालं. आता ह्यावर शंभर प्रतिसाद.

(ह्यावर खरंच चौतीस प्रतिसाद आले. गाळले आहेत. – संपादक)

शांतिनिकेतनी
शेवटासाठी: त्याची कबर फ्रान्समध्ये एस्तव्हेलच्या गावच्या कब्रस्तानात आहे. दगडावर बंगालीत कोरलंय, त्याचा अर्थ असा की ही महावीराची समाधी, मान ठेवा, हात लावू नका. १९९८ मध्ये जन्मशताब्दीला आपल्या टपाल खात्याने तिकीटही काढलं.

चिपळी (रविवार, सकाळी ७.१५)
झालं काल. आयोजकांचे सत्कार लांबले, पाऊण तासाची पस्तीस मिनिटं झाली. वेलिंगकरांना दोनच वाक्यं मिळाली, त्याचं वाईट वाटतंय. फटफटीला टाळी, एरंडेलाला हशा. शवागाराच्या टकटकीला तबलजी घाबरून खरंच थांबला. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी नंतर गाठलं. म्हणाले, सगळं बरोबर, पण तुम्ही चिपळ्यांचा ड्रम डाव्या हाताने बदललात, मग विमान कोणत्या हाताने चालवत होतात?

स्क्रूड्रायव्हर
फोटो टाका, सांगतो.

निवृत्त_नाना
पुढच्या वर्षी सेखों घ्या. सगळी माहिती मी देतो. नॅटचं...

अर्धाचष्मा
उणे दीडबद्दल कोणीच बोललं नाही.