डिप्रेशनची गोळी आणि अँटिबायोटिक: विष की उगाच बाऊ?

चोपडेकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर अँटिबायोटिक म्हणजे विष.' ते वाचून मावशीने न्यूमोनियाची अमॉक्सिसिलिन डब्यात टाकून दिली! अहो, खरी खोट लिनेझोलिड या एका अँटिबायोटिकची. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतात, आणि लिनेझोलिड ते मोडणाऱ्या एमएओ एन्झाइमला अडवतं, मग ते साचतं. अमॉक्सिसिलिनचा तिथे काय संबंध? उगाच बाऊ!

भुसावळची_ताई: उगाच बाऊ म्हणे! वडिलांच्या पायाच्या जखमेसाठी लिनेझोलिड सुरू केलं, घरची डिप्रेशनची सर्ट्रालिन चालूच. दुसऱ्या दिवशी घामाने चादर ओली, ताप, हातपाय लटलट. ड्युटीवरचे म्हणाले, इन्फेक्शन वाढलं. मोठ्या डॉक्टरांनी पाऊल झटक्यात वर दाबलं, घोटा आपोआप उडतच राहिला. तेव्हा कुठे कळलं, सेरोटोनिन साचलंय. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, 2011 मध्येच इशारा दिलाय.

चोपडेकर: म्हणजे लिनेझोलिडच ना? कॅनडातल्या ऑन्टारिओत लिनेझोलिड घेणाऱ्या 1134 वयस्कांचा अभ्यास झालाय, 2022 चा. अर्ध्या टक्क्याहून कमी जणांना सेरोटोनिनचा त्रास.

भुसावळची_ताई: त्या अर्ध्या टक्क्यात माझा बाप होता.

धुळ्याचा_मेडिकलवाला: अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक विसरलात? डिप्रेशनच्या एसिटालोप्रॅमसोबत ईसीजीतला क्यूटी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला एक काळ, लांबू शकतो, ठोके बिघडू शकतात. आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'ती सर्दीची 3 दिवसवाली द्या.'

अमळनेरी: आणि तुम्ही देता! पाकिटावर 'चिठ्ठीशिवाय नको' सांगणारी ती लाल रेघ काय रांगोळी म्हणून छापलीय?

धुळ्याचा_मेडिकलवाला: चिठ्ठीशिवाय देत नाही, तोंड सांभाळून! आणि चिठ्ठी असली तरी मला काय कळणार? डोक्याची गोळी लोक मुद्दाम परगावहून आणतात. सुनेची गोळी सासूला 'व्हिटॅमिन' सांगितलेली. डिप्रेशनचं फ्लुऑक्सेटिन तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं, ते कोण सांगतं? दोष मात्र दुकानाला.

अमळनेरी: खरं सांगस भाऊ, मन्ही बहीणनी गोळी आम्हीबी दपाडेल व्हती. सोयरीक चालू होती. पण रेघेचं उत्तर नाही दिलंत.

चोपडेकर: अरे, धागा औषधांचा आहे, सोयरिकीचा नाही!

भुसावळची_ताई: तोच आहे. वडिलांच्या फाइलवर सर्ट्रालिन नव्हतीच. 'आणखी काही गोळ्या?' असं विचारलं तेव्हा खोलीत पाहुणे बसलेले. आई म्हणाली, 'फक्त बीपीची.' मी शेजारीच उभी होते.

चोपडेकर: ...बरं ताई, 'बाऊ' मागे. मावशीला अमॉक्सिसिलिन मात्र देणारच.

धुळ्याचा_मेडिकलवाला: द्या. पण आधी तिच्या बाकीच्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. पाहुणे गेल्यावर.